सेटवरचा दुसरा कॅमेरा

२०२२च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी ‘मेगालोपोलिस’चं चित्रीकरण सुरू केलं, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. हा चित्रपट त्यांच्या डोक्यात घोळायला लागून चार दशकं उलटली होती. कोणताही स्टुडिओ पैसे घालायला तयार होईना, तेव्हा त्यांनी आपल्या वाइनच्या धंद्यातला मोठा वाटा विकला आणि सुमारे १२ कोटी डॉलर स्वतःच उभे केले. ज्या वयात माणसं मृत्युपत्राचा मसुदा वकिलाला दाखवतात, त्या वयात हा गृहस्थ रोम आणि न्यूयॉर्क एकत्र करून एक काल्पनिक महानगर उभं करायला निघाला होता.

त्याच सेटवर आणखी एक दिग्दर्शक छोटा कॅमेरा घेऊन वावरत होते. माइक फिगिस, ‘लीव्हिंग लास व्हेगस’ (१९९५) करणारे. मोठं युनिट नाही, दिव्यांचा लवाजमा नाही. जे दिसेल ते टिपायचं, एवढाच बेत. त्यातून तयार झालेला ‘मेगाडॉक’ हा माहितीपट २०२५च्या वेनिस महोत्सवात दाखवला गेला. मधल्या काळात ‘मेगालोपोलिस’चं काय झालं ते जगजाहीर होतं. मे २०२४मध्ये कानला पहिला खेळ, समीक्षकांत उभी फूट, सप्टेंबरात अमेरिकेत प्रदर्शन आणि जगभरातून गल्ला जेमतेम १.४ कोटी डॉलर. त्यामुळे ‘मेगाडॉक’ पाहायला बसलेल्या प्रत्येकाला शेवट आधीच ठाऊक होता. पडद्यावर कपोला उत्साहानं काही समजावत असतात आणि खुर्चीतला प्रेक्षक मनात म्हणत असतो, अरे बाबा, हे बुडणार आहे.

याच कपोलांच्या वेडाचं चित्रण पूर्वीही एकदा झालं होतं. १९७६ साली ‘अपोकॅलिप्स नाऊ’साठी ते बायको आणि तीन मुलांना घेऊन फिलिपिन्सला गेले. निर्मितीत पैसे गुंतवणाऱ्या युनायटेड आर्टिस्ट्सला प्रसिद्धीसाठी पाच मिनिटांची एक फिल्म हवी होती. त्यासाठी बाहेरची माणसं सेटवर नकोत, म्हणून कपोलांनी १६ मिलिमीटरचा कॅमेरा पत्नी एलिनॉर यांच्या हाती दिला. त्यांनी सुमारे ६० तासांचं चित्रण केलं. ते वर्षानुवर्षं पडून राहिलं. पुढे फॅक्स बार आणि जॉर्ज हिकनलूपर यांनी त्याला नव्या मुलाखतींची जोड दिली आणि १९९१मध्ये ‘हार्ट्स ऑफ डार्कनेस’ आला. तोवर ‘अपोकॅलिप्स नाऊ’ अभिजात ठरून बारा वर्षं झाली होती. १९७९चा कानचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला होता, ‘द टिन ड्रम’बरोबर विभागून.

एकच दिग्दर्शक, तोच हट्ट, तीच घर गहाण टाकण्याची तयारी. पण पहिला माहितीपट पाहताना प्रेक्षक भारावतो आणि दुसरा पाहताना हळहळतो. सेटवरचा गोंधळ मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. कलाविभागातली माणसं सोडून जातात, नटाशी खटके उडतात, ठरलेलं सकाळी बदलतं. पहिल्यात याला प्रतिभेचा उद्रेक म्हणायचं आणि दुसऱ्यात म्हातारचळ! हा निवाडा माहितीपट करत नाही, बॉक्स ऑफिस करतं. पडद्यामागची कहाणी आपण बहुधा निकालापासून मागे वाचत येतो, आणि तिथेच तिच्यातला सगळ्यांत मोलाचा भाग निसटतो.

तो भाग म्हणजे खर्च. पैशाचा तर आहेच, पण माणसांचाही.

‘हार्ट्स ऑफ डार्कनेस’मध्ये तो ठसठशीत दिसतो. चित्रीकरण सुरू होऊन काही आठवडे होतात न होतात तोच कपोला मुख्य नट हार्वी कायटेलला घरी पाठवतात आणि मार्टिन शीनला आणतात. १९७६च्या मे महिन्यात ओल्गा नावाचं वादळ येतं आणि सेट जमीनदोस्त होतात. हेलिकॉप्टरं फिलिपिन्सच्या लष्कराकडून, म्हणजे मार्कोस यांच्या राजवटीकडून भाड्यानं घेतलेली असतात; बंडखोरांवर कारवाई करायची म्हणून ती शूटिंगच्या ऐन मध्यावर परत बोलावली जातात. तालीम केलेले वैमानिक जातात, दुसऱ्या दिवशी नवेच येतात. मार्लन ब्रँडो अवाढव्य देह घेऊन, तयारी न करता दाखल होतो आणि ज्याच्यापर्यंत पोचण्यासाठी अख्खी कथा नदीतून वर चढत आली त्या पात्राचं करायचं काय, यावर दिवसच्या दिवस चर्चा चालते. चित्रीकरणाचे दिवस २३८वर गेले. खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीच्याही पुढे गेला.

त्यातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. ५ मार्च १९७७ रोजी शीनला हृदयविकाराचा झटका आला. तो ३६ वर्षांचा होता. बातमी अमेरिकेत पोचली तर पैसे घालणारे हात आखडते घेतील, ही कपोलांची भीती. फोनवर ते सहकाऱ्यावर कडाडतात. त्यांच्या बोलण्याचा मतलब असा, की मी सांगेपर्यंत मार्टी ठणठणीत आहे, तो मेला तरीसुद्धा. शीन बरा होईपर्यंत त्याच्या भावाला पाठमोरा उभा करून लांबचे शॉट उरकले गेले. हे ऐकताना एका बाजूला जहाज बुडू न देणाऱ्या कप्तानाचं कौतुक वाटतं. दुसऱ्या बाजूला, ज्याच्या छातीत कळ आली त्या माणसापेक्षा शेड्यूल मोठं झालेलं दिसतं. माहितीपट त्यावर काही बोलत नाही, आवाज तेवढा ऐकवतो.

हा आवाज आपल्यापर्यंत आला कसा? एलिनॉर यांनी नवऱ्याचं खासगी बोलणं त्याच्या नकळत टेपवर घेतलं होतं. आपला चित्रपट भिकार होणार, आपण जगासमोर तोंडघशी पडणार, असं हा ‘गॉडफादर’चा दिग्दर्शक बायकोजवळ बोलतो, आणि बायकोचा टेपरेकॉर्डर चालू असतो. नात्याच्या दृष्टीनं हा विश्वासघात म्हणायचा की नाही, यावर वाद घालता येईल. पण प्रसिद्धीखात्याच्या कुठल्याही कॅमेऱ्याला ही वाक्यं मिळाली नसती. शिवाय एलिनॉर नुसत्या साक्षीदार राहिल्या नाहीत. देवळाच्या सेटवर राहायला आलेल्या इफुगाव लोकांचा म्हैस बळी देण्याचा विधी त्यांनी पाहिला आणि नवऱ्याला तिकडे ओढून नेलं. त्यातूनच मूळ चित्रपटाचा शेवट घडला.

कोणाच्या हातात कॅमेरा आहे, यावर काय दिसणार हे ठरतं. ‘मेगाडॉक’मध्ये फिगिस मित्र आहेत, पाहुणे आहेत, त्यांना घरात शिरता येतं, पण माजघरात नाही. प्रमुख भूमिकेतला अ‍ॅडम ड्रायव्हर काम करताना त्यांच्या कॅमेऱ्यासमोर फारसा येत नाही. ऑब्री प्लाझा मात्र मोकळेपणानं बोलते. शाया लबफ प्रत्येक हालचालीचं कारण विचारतो आणि कपोलांचा संयम सुटतो, ते फिगिस भरपूर दाखवतात. यात खुमारी आहे, यात शंका नाही. पण ज्यानं दार उघडलं त्याचीच गोष्ट मोठी होते आणि ज्यानं लावून घेतलं त्याची राहून जाते, हेही खरंच. २००१ साली याच चित्रपटासाठी झालेल्या वाचनांचं जुनं चित्रण ‘मेगाडॉक’मध्ये आहे. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये काही चित्रणही झालं होतं. मग ११ सप्टेंबर उजाडला आणि उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभ्या राहणाऱ्या न्यूयॉर्कसारख्या नगरीची कथा गुंडाळून ठेवावी लागली. एलिनॉर यांचं १२ एप्रिल २०२४ रोजी, ‘मेगालोपोलिस’ प्रेक्षकांपुढे येण्याआधीच, निधन झालं. चित्रपट त्यांनाच अर्पण केला आहे.

निकालावरून वेडाची किंमत ठरवण्याचा एक मासला तर हास्यास्पदच होता. ऑगस्ट २०२४मध्ये वितरक लायन्सगेटनं ‘मेगालोपोलिस’चा एक ट्रेलर काढला. कपोलांच्या जुन्या चित्रपटांनाही त्या काळच्या नामवंत समीक्षकांनी झोडपलं होतं, असं दाखवणारी वाक्यं त्यात होती. मथितार्थ असा, की तेव्हा समीक्षक चुकले, तसे आताही चुकताहेत. वाक्यं खोटी निघाली. त्या समीक्षकांनी ती लिहिलीच नव्हती. ट्रेलर मागे घेऊन कंपनीला माफी मागावी लागली. एकदा जुगार जिंकलेला माणूस पुन्हा जिंकेलच, या भाबड्या तर्काला पुरावा हवा होता. तो नव्हता, म्हणून बनवला गेला.

निकालच नसेल तर अशा माहितीपटाचं काय होतं, याचं उत्तर ‘लॉस्ट इन ला मान्चा’त (२००२) आहे. टेरी गिल्यम यांच्या डोक्यात डॉन किहोते १९८९पासून होता. २००० सालच्या सप्टेंबरात उत्तर स्पेनमधल्या बार्देनास रेआलेस या ओसाड मुलखात सुमारे ३.२ कोटी डॉलरचा चित्रपट सुरू झाला. डोक्यावरून लढाऊ विमानं जात, कारण शेजारीच हवाई दलाचं सरावाचं मैदान. दुसऱ्याच दिवशी ढगफुटीसारखा पाऊस झाला, सामान वाहून गेलं आणि जमिनीचा रंगच बदलला. आदल्या दिवशीचे शॉट आता कशाला जुळवायचे? किहोते झालेले ज्याँ रोशफोर पाठीच्या दुखण्यानं घोड्यावर बसू शकेनात. पुढचा भाग वादळापेक्षा भयंकर आहे. विम्याचे प्रतिनिधी येतात, करारातली कलमं वाचली जातात, यातलं किती आस्मानी आणि किती सुलतानी याचा काथ्याकूट होतो. सहायक दिग्दर्शक दर संध्याकाळी नवं शेड्यूल मांडत राहतो, आणि उद्या ते पाळता येणार नाही हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. कीथ फुल्टन आणि लुई पेपे हे दोघं ‘मेकिंग’ करायला आले होते. त्यांच्या हाती पंचनामा लागला. चित्रपट बंद पडल्यावरही गिल्यम यांनी माहितीपट अडवला नाही, ही त्यांची दिलदारी. त्यांचा किहोते अखेर २०१८मध्ये पडद्यावर आला. त्यात नायक होता अ‍ॅडम ड्रायव्हर. म्हाताऱ्या दिग्दर्शकांची जुनी स्वप्नं पुरी करण्याचं कंत्राट जणू त्यानंच घेतलं असावं.

आरडाओरडा आणि संकटं म्हणजेच निर्मिती, असा समज या माहितीपटांनी पसरवला आहे. लेस ब्लँक यांच्या ‘बर्डन ऑफ ड्रीम्स’नं (१९८२) तर त्यावर कळस चढवला. ‘फित्झकाराल्दो’साठी वेर्नर हेरत्सोग पेरूच्या जंगलात ३२० टनांची आगबोट डोंगरावरून ओढून नेतात. ज्या रबर व्यापाऱ्यावरून कथा सुचली, त्यानं स्वतः याहून कितीतरी लहान बोट सुटी करून, तुकड्यातुकड्यांनी पलीकडे नेली होती! काम सांभाळणारा ब्राझिलियन अभियंता धोका ओळखून निघून जातो. दोर ओढायला स्थानिक आदिवासी. हेरत्सोग यांचं जंगलाविषयीचं झपाटलेलं बोलणं सगळ्यांना पाठ असतं. चिखलात उभं राहून ती बोट ओढणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव किती जणांना आठवतं? ब्लँक यांनी मात्र त्यांच्याकडे कॅमेरा वळवला. त्यांचं जेवण, त्यांची वाट पाहणं, आपापसातलं बोलणं टिपलं. म्हणून हा माहितीपट मूळ चित्रपटापेक्षा काही बाबतींत अधिक प्रामाणिक ठरतो.

या गदारोळावर उतारा म्हणून क्रिस मार्कर यांचा ‘ए. के.’ (१९८५) पाहावा. अकिरा कुरोसावा यांनी ‘रान’ची पटकथा सत्तरच्या दशकात लिहून ठेवली होती. जपानी स्टुडिओ पैसे देईनात, म्हणून ते वर्षानुवर्षं दृश्यं रंगवत बसले; चित्रपट झाला नाही तरी चित्रं राहतील, या हिशेबानं. फ्रेंच निर्माते सेर्ज सिल्बरमान पुढे आले आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी फुजी पर्वताच्या उतारावर कुरोसावांनी काम सुरू केलं. चिलखतं आणि पोशाख हातानं तयार करायला दोनेक वर्षं लागली होती. वेशभूषाकार एमी वादा यांना त्याचं ऑस्कर मिळालं.

मार्कर कुणाची मुलाखत घेत नाहीत. एका बाजूला उभे राहतात आणि संयम, वेग, घोडे, पाऊस, धुकं अशा छोट्या प्रकरणांतून काम दाखवतात. धुकं उतरतं, शेकडो लोक चिलखत घालून गवतात बसून राहतात. कुणी ओरडत नाही. म्हातारा काळा चष्मा लावून आभाळाकडे पाहतो. एका रात्रीच्या दृश्यासाठी माळावरचं उंच गवत सोनेरी रंगानं रंगवलं जातं. माणसं फवारे घेऊन राबतात, दिवे लागतात, शॉट होतो. ते दृश्य ‘रान’मध्ये नाही. कुरोसावांनी ते कापलं. इतक्या लोकांची ती मेहनत आज फक्त मार्कर यांच्या माहितीपटात शिल्लक आहे. कापलेल्या शॉटचं श्रेय कुठल्याही नामावलीत येत नाही, ते इथे येतं. ‘रान’ चालू असतानाच कुरोसावांच्या पत्नीचं निधन झालं आणि जवळपास सगळ्या कारकिर्दीत साथ दिलेले ध्वनिमुद्रक यानोगुची हेही गेले. काम पुढे चालू राहिलं. ध्यासाची किंमत न ओरडताही मोजली जाते, हे ‘ए. के.’ पाहताना कळतं.

आपल्याकडे काय आहे? सुरुवात तर दणदणीत आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली ‘चित्रपट कसे तयार करतात’ अशी एक फिल्म केली. त्यात ते स्वतः दिसतात. नटांची तालीम घेतात, फिल्मची पट्टी तपासतात, जोडकाम करतात. तिचे तुकडे आज उपलब्ध आहेत. त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकात त्यांनी आपल्या धंद्याची हकिकत लेखमाला लिहून सांगितली. भांडवलदारांना आणि वाचकांना ते हेच पटवत होते, की ही जादू नाही, हे काम आहे आणि ते इथे होऊ शकतं. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज आणि बायकोचे दागिने यांवर उभा राहिलेला ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हाही ध्यासाचाच प्रकल्प. सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडत, रसायनं मिसळत, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवत आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करत. एलिनॉर यांच्या हाती निदान कॅमेरा तरी होता. सरस्वतीबाईंची बाजू आपल्याला दुसऱ्यांच्या लेखणीतून आणि पुढे परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’सारख्या (२००९) कथापटातून समजून घ्यावी लागते.

त्यानंतर मात्र आपण सांगोवांगीवर भागवलं. ‘मुघल-ए-आझम’ १९४४च्या सुमारास सुरू झाला आणि ५ ऑगस्ट १९६०ला प्रदर्शित झाला. फाळणीत पहिला भांडवलदार पाकिस्तानात गेला, अकबराच्या भूमिकेसाठी आधी घेतलेला चंद्रमोहन वारला, शापूरजी पालनजींनी पैसे ओतले, शीशमहालाच्या सेटला दोन वर्षं लागली. के. आसिफ यांचे किस्से प्रत्येकाला ठाऊक आहेत आणि प्रत्येक वेळी आकडे थोडे फुगतात. आरशांवर दिवे परतून येत होते तेव्हा कॅमेरामन आर. डी. माथूर यांनी नेमकं काय केलं, ते सेटवर उभं राहून पाहणारा दुसरा कॅमेरा असता तर या किश्शांची गरजच पडली नसती. सन्माननीय अपवाद श्याम बेनेगल यांच्या ‘सत्यजित राय’ या फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटाचा. राय यांनी ‘घरे बाइरे’ची पटकथा पहिल्यांदा ‘पथेर पांचाली’च्याही आधी लिहिली होती, निर्मात्यानं सुचवलेले बदल मान्य नव्हते म्हणून तो बेत बारगळला. ऐंशीच्या दशकात तो चित्रपट घडत असताना बेनेगल आणि छायालेखक गोविंद निहलानी सेटवर होते. त्याच दरम्यान राय यांना हृदयविकारानं गाठलं आणि उरलेलं काम त्यांच्या सूचनांनुसार मुलगा संदीप यांनी पुरं केलं. स्वतः कॅमेऱ्यामागे उभे राहून काम करणारे राय आपल्याला त्या माहितीपटात दिसतात.

आज प्रत्येक मराठी चित्रपटाचं ‘मेकिंग’ निघतं. दोन-तीन मिनिटांच्या त्या तुकड्यात सगळे हसतात, सगळे एकमेकांना कुटुंब म्हणतात, पावसात छत्री धरलेला स्पॉटदादा मागून पुसट दिसतो. ते प्रसिद्धीखात्याचं काम आहे, त्यात गैर काही नाही. पण दहा-वीस वर्षं एखादी कथा उराशी बाळगणारा, तिच्यासाठी राहतं घर पणाला लावणारा दिग्दर्शक आपल्याकडेही दर पिढीत एखादा असतोच. त्याच्या निर्मात्यांना एवढंच सांगणं आहे, की अंदाजपत्रक मांडतानाच त्यात एका बाहेरच्या माणसाचा आणि एका कॅमेऱ्याचा खर्च धरा. त्याला माजघरापर्यंत येऊ द्या. लाइटमन, वेशभूषेतल्या बायका, पैसे घालणारा, कंटाळलेला सहनट आणि दिग्दर्शकाच्या घरची माणसं, सगळ्यांकडे तो कॅमेरा वळू द्या. आणि ते चित्रण पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जमा करा. आज दाखवणं अडचणीचं वाटत असेल तर दहा वर्षं बंद ठेवण्याच्या अटीवर करा. मूळ चित्रपट चालला की पडला, हे पाहून ते चित्रण ठेवायचं की फेकायचं हे मात्र ठरवू नका.